रंग कुठे नको? मास्किंगच्या निवडीविषयी थोडेसे

मागच्या व्याख्यानात आपण वैशेषिक दर्शनातले पदार्थ पाहिले. नंतरच्या आचार्यांनी 'अभाव' हा सातवा पदार्थ मानला, असं आम्ही सांगितलं, तेव्हा मागून एका तरुणाने विचारलं, "सर, जे नाहीच, त्याला पदार्थ कसं म्हणायचं?" चौकशी केली तर हा मुलगा इथेच बीड जिल्ह्यात एका पावडर कोटिंगच्या शेडमध्ये कामाला. आम्ही म्हटलं, उत्तर तुझ्याच कामातून देऊ. त्यासाठी दोन दिवस त्याच्या शेडवर जाऊन बसलो. आजचं बोलणं त्यातून आलेलं आहे.

त्या शेडमध्ये शेतातल्या पंपाच्या स्टार्टरच्या पेट्या रंगवायला आल्या होत्या. पत्र्याच्या पेटीवर एक बोल्ट असतो, अर्थिंगचा. पावडरचा थर वीज अडवतो, बरं का. बोल्टच्या बुडाशी तो बसला, तर तार जोडलेली दिसते, पण पत्र्याशी तिचा नीट संबंध येत नाही. आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, तर प्रवाहाला जमिनीत जायला वाट नाही. फ्यूज उडत नाही. पेटीत करंट उतरलेला राहतो. आणि आपल्याकडे रात्रीच्या लाईटीवर पाणी द्यायला गेलेला माणूस ओल्या पायांनी त्या पेटीला हात लावतो.

म्हणजे पेटीवर रंग असणं जितकं महत्त्वाचं, तितकंच त्या रुपयाएवढ्या जागेत तो नसणं महत्त्वाचं. ही नसण्याची जागा आपोआप राहत नाही, ती राखावी लागते. राखण्याच्या या कामाला मास्किंग म्हणतात.

आता नैयायिक काय म्हणतो? नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. कशाचा अभाव आणि कुठे, हे सांगावं लागतं. 'या जमिनीवर घट नाही', हे त्यांचं नेहमीचं उदाहरण. कारखान्यात यात तिसरा प्रश्न येतो: कशाकशातून पार पडेपर्यंत? आमच्या मते मास्किंगच्या निवडीचं मर्म या तिसऱ्या प्रश्नात आहे. दुकानात लोक विचारतात, "चांगली टेप कोणती?" या प्रश्नाला उत्तरच नाही. बाटिकचं मेण घ्या. कोमट रंगात ते कापड राखतं, उकळत्या रंगात वितळून जातं. मेण तेच, प्रक्रिया बदलली.

चिकट मास्किंग टेपचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची हौस आली होती. रंगारी कागद डिंकाने चिकटवत, आणि तो काढताना खालचा रंग उपटून येई. थ्री एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली यावर टेप काढली. तिचा गुण चिकटण्यात होता, तसाच काही न उपटता सुटण्यातही होता.

आता पावडर कोटिंगकडे येऊ. आधी भाग धुतात, तेल काढतात, फॉस्फेटचा हात देतात, वाळवतात. मग गनमधून विद्युतभारित कोरडी पावडर मारतात आणि भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा-वीस मिनिटं भाजतात. आपली साधी क्रेप कागदाची टेप ८० अंशांच्या आसपासची. हवेवर वाळणाऱ्या रंगाला ती उत्तम. भट्टीत तिचा कागद करपतो आणि गोंद वितळून पत्र्यावर बसतो. मग पोरं तो ब्लेडने खरवडत बसतात. स्वस्त टेप अशी महाग पडते.

या भट्टीला सिलिकॉन गोंदाची पॉलिएस्टर टेप लागते, शेडमध्ये तिला 'हिरवी टेप' म्हणतात. ती २०० अंशांच्या थोडं वरपर्यंत टिकते. त्याहून तापमान हवं असेल तर मधाच्या रंगाची पॉलिइमाइड टेप, २६० अंशांपर्यंतची. पण ती बरीच महाग, म्हणून गरज नसताना वापरू नये. टेप लावायची ती धुऊन वाळवलेल्या भागावर. तेलकट पत्र्यावर कुठलीच टेप बसत नाही.

आट्यांच्या भोकांना सिलिकॉनचे निमुळते बूच आणि बोल्टना सिलिकॉनच्या टोप्या. त्या पुन्हा पुन्हा वापरता येतात. इथं एक गंमत बघा. भोक आरपार नसेल तर आत हवा कोंडते. ३० अंशांवरून २०० अंशांवर गेली की तेवढ्याच दाबाला तिचं आकारमान दीडपटीहून जास्त होतं. मग भट्टीत बूच टपकन बाहेर! अशा ठिकाणी हवा जायला वाट असलेलं बूच घ्यावं.

प्रक्रिया बदलली की उत्तर बदलतं. शॉट ब्लास्टिंगमध्ये कागद फाटतो, तिथं जाड रबर किंवा धातूचं झाकण. प्लेटिंगच्या टाकीत आम्ल असतं, वीज असते. तिथं रसायनाला न जुमानणारी, वीज न वाहणारी टेप किंवा लेप. आणि ओल्या रंगाच्या खोलीत सिलिकॉन जपून. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर रंग फाटून बारीक खड्डे पडतात. रंगारी त्यांना 'फिश आय' म्हणतात.

शेवटी काढणं. ओला रंग पुरता कडक होण्याआधी टेप काढावी. पावडरचा भाग भाजून झाल्यावर कोमट असताना टेप काढली तर कड स्वच्छ येते. गार झाल्यावर ओढली तर कपचे उडू शकतात.

वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि पुढे त्याच्या आसपास सुटे भाग बनवणारे लहान कारखाने वाढले. आपल्या जिल्ह्यातली किती तरी मुलं तिकडे कामाला जातात. नव्या मुलाला पहिल्या दिवशी बहुतेक टेप लावायलाच बसवतात, 'हलकं काम' म्हणून. कोणती जागा आणि का, हे त्याला कुणी सांगत नाही. 'इथं अर्थिंग बसणार आहे' एवढं एक वाक्य सांगितलं तर तो टेप वेगळ्या हाताने लावेल, असं आम्हाला वाटतं.

त्या तरुणाला आम्ही विचारलं, "आता सांग, अभाव आहे की नाही?" तो म्हणाला, "सर, आहे. आम्ही रोज मोजून चिकटवतो."

घरी गेल्यावर एवढं करा. वायरमनला बोलावून, मेन स्विच बंद करून, आपल्या स्टार्टरच्या अर्थिंगचा बोल्ट सोडून बघायला सांगा. खाली रंग असेल तर तो तेवढ्या जागेपुरता घासून पत्रा उघडा करून घ्या, आणि तार पुन्हा घट्ट आवळून घ्या.