स्टोनहेंजचा बोगदा : विरोध नेमका कशाला होता?

इंग्लंडमधील विल्टशर इथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी उभारलेले स्टोनहेंजचे पाषाण आहेत आणि त्यांच्या दक्षिणेकडून, जेमतेम १६५ मीटरवरून, ए-३०३ हा दुपदरी रस्ता जातो. सुट्टीच्या दिवसांत तिथे गाड्यांची रांग हलता हलत नाही. हा रस्ता चौपदरी करून बोगद्यातून नेण्याची योजना जुलै २०२४मध्ये रद्द झाली. तिला झालेल्या विरोधाबद्दलच्या वावड्या मात्र अजून उडतच आहेत.

गैरसमज : बोगदा थेट पाषाणांखालून जाणार होता, ते कोसळले असते.

‘स्टोनहेंजचा बोगदा’ हे नाव ऐकल्यावर हेच चित्र डोळ्यांपुढे येणार, त्यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. प्रत्यक्षात बोगद्याची आखणी पाषाणांपासून सुमारे २०० मीटर दक्षिणेला, चॉक म्हणजे मऊ चुनखडीच्या थरांमधून केलेली होती. म्हणजे आजच्या रस्त्याहून ती थोडी दूरच होती. अभ्यासू विरोधकांचा मुख्य आक्षेप पाषाण ढासळण्याचा नव्हताच.

गैरसमज : रस्ता जमिनीखाली गेला की वर काही बिघडत नाही.

हा समज सर्वांत पटण्याजोगा आणि म्हणूनच सर्वांत फसवा. बोगद्याला दोन तोंडे असतात आणि वादाचे मूळ तिथेच होते. १९८६ साली जागतिक वारसा यादीत गेले ते केवळ पाषाणांचे वर्तुळ नव्हे. भोवतालची सुमारे २६ चौरस किलोमीटर भूमी, तिच्यावरची दफनटेकाडे, मिरवणुकीचा प्राचीन मार्ग, लांबच लांब मातीचे बांध, हे सारे मिळून तो वारसा आहे. रस्त्याच्या दिशेने या क्षेत्राची रुंदी सुमारे ५.४ किलोमीटर, तर बोगदा साधारण ३.३ किलोमीटरचा. त्यामुळे त्याची तोंडे वारसाक्षेत्राच्या आतच उघडणार होती आणि पश्चिमेला चौपदरी रस्त्यासाठी सात-आठ मीटर खोल चर खणावा लागणार होता. तिथली माती एकदा उपसली की तिच्यातला पुरावा गेला. उत्खनन कितीही काळजीपूर्वक केले तरी ते दुसऱ्यांदा करता येत नाही. पूर्वेकडच्या तोंडाजवळ ब्लिक मीड हे स्थळ आहे. पाषाण उभे राहण्याच्या हजारो वर्षे आधीच्या माणसांच्या खुणा तिथे पाणथळ मातीत टिकून आहेत. भूजल खाली गेले तर त्या नष्ट होतील, ही तिथल्या अभ्यासकांची भीती होती. ‘वर तर मोकळे माळरानच आहे’ हा युक्तिवादही तपासून पाहावा. २०२० साली जवळच्या डरिंग्टन वॉल्स या प्राचीन स्थळाभोवती प्रचंड खड्ड्यांचे कडे असल्याचे जाहीर झाले, तेही असल्याच मोकळ्या दिसणाऱ्या जमिनीत.

गैरसमज : विरोध होता तो पांढऱ्या झग्यातल्या ड्रुइडांचा.

ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारे. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी, २१ जूनच्या सुमारास, वर्तमानपत्रांत त्यांचीच छायाचित्रे झळकतात. त्यामुळे असे वाटते. विरोधकांत ड्रुइड होते, आणि असायला काहीच हरकत नाही. स्टोनहेंज ड्रुइडांनी बांधले ही समजूत जॉन ऑब्री आणि विल्यम स्टकली या जुन्या अभ्यासकांच्या काळात रुजली. प्राचीन ड्रुइडांचे उल्लेख सापडतात ते पाषाण उभारल्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी. पण त्यामुळे आज तिथे हात जोडणाऱ्याची श्रद्धा खोटी ठरत नाही. शिवाय विरोध तेवढाच नव्हता. ब्रिटिश पुरातत्त्व परिषदेने आक्षेप घेतला होता. खुद्द सरकारने नेमलेल्या नियोजन निरीक्षकांनी जानेवारी २०२०मध्ये योजना नाकारण्याची शिफारस केली होती आणि परिवहनमंत्र्यांनी ती बाजूला सारून नोव्हेंबरमध्ये मंजुरी दिली. याउलट ‘सगळे जाणकार विरोधात होते’ हेही खरे नाही. हिस्टॉरिक इंग्लंड, इंग्लिश हेरिटेज आणि नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्था योजनेच्या बाजूने होत्या. आजच्या रस्त्यामुळे दुभंगलेली भूमी पुन्हा एक होईल, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते वजनदार होते.

गैरसमज : विरोधकांना कोंडी तशीच ठेवायची होती.

काहींना नवा रस्ताच नको होता, हे मान्य. पण बोगदा करायचाच तर तो संपूर्ण वारसाक्षेत्र ओलांडेल इतका लांब करा, अशीही ठाम मागणी होती. ती महाग होती, हा आक्षेप रास्त. ती विकासविरोधी होती, हा नव्हे. (गाडीतून जाता जाता पाषाणांचे होणारे फुकटचे दर्शन बोगद्यामुळे बंद झाले असते, ही तक्रार मात्र अगदी खरी.)

गैरसमज : शेवटी न्यायालयाने आणि युनेस्कोने योजना पाडली.

जुलै २०२१मध्ये उच्च न्यायालयाने मंजुरी रद्द केली होती, म्हणून हा गोंधळ. पर्यायांचा आणि प्रत्येक प्राचीन अवशेषावरील परिणामांचा नीट विचार झाला नाही, हे कारण होते. पण २०२३मध्ये सरकारने पुन्हा मंजुरी दिली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तिच्याविरुद्धचा दावा फेटाळला गेला. युनेस्कोला रस्ता अडवण्याचा अधिकारच नाही. ती फार तर वारसास्थळाचे नाव यादीतून काढू शकते. जर्मनीतील ड्रेस्डेनचे नाव २००९मध्ये एका पुलापायी गेले, तरी पूल झालाच. जुलै २०२४मध्ये दिल्लीत भरलेल्या जागतिक वारसा समितीपुढे स्टोनहेंजला धोक्यातील वारशाच्या यादीत टाकण्याचा प्रस्ताव होता, तोही मान्य झाला नाही. त्यानंतर काही दिवसांतच, २९ जुलैला, नव्या अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी तिजोरीत पैसा नसल्याचे सांगून योजना गुंडाळली. ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयाने विरोधकांच्या विरुद्ध निकाल दिला, तेव्हा बोगदा रद्द होऊन अडीच महिने उलटले होते.