खिशातला संगणक आणि हमालांची वही

माझ्यासारख्या माणसाने संगणकावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते मोंढ्यात पोती वाहताना, आणि रात्री युनियनच्या कचेरीत शब्दकोश जवळ घेऊन कायद्याची पुस्तके वाचताना. पण हमाल, तोलारी आणि ऊसतोड मजूर यांच्यात पंचवीस-तीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. मजुरीच्या दरावरून जेवढी भांडणे होतात, त्याहून अधिक नोंदीवरून होतात. दर फळ्यावर लिहिलेला असतो. पोती किती उचलली, टन किती भरले, उचल किती फिटली, हे मात्र वहीत असते, आणि वही कोणाच्या तरी पेटीत असते. तेव्हा वहीच्या जागी काही नवे यंत्र येऊ पाहत असेल, तर ते उघडून पाहणे हे माझ्या कामातच मोडते.

निमित्त असे घडले. गेल्या दिवाळीत माझा भाचा कुरुंद्याला आला. तो नांदेडला शिकतो. त्याने पिशवीतून एक वस्तू काढली. आकाराने चष्म्याच्या घराहून थोडी मोठी, वर तळहाताएवढा पडदा, खाली हरभऱ्याएवढ्या बटणांचा कळफलक, पाठीमागे विजेरीत घालतात तसले दोन सेल. सुटे भाग जमवून ती त्याने स्वतः जोडली होती. "मामा, हा फोन नव्हे, पुरता संगणक आहे. आत लिनक्स आहे," असे तो म्हणाला, आणि युनियनने असे दोन घ्यावेत, एक मोंढ्यासाठी आणि एक उसाच्या टोळीबरोबर पाठवायला, अशी सूचनाही त्याने केली. शाखेच्या बैठकीत विषय निघताच दोन तट पडले. दोन्ही बाजू मी नीट पाहून मांडीन असे कबूल केले. ते काम पुढे करतो.

प्रथम लिनक्स म्हणजे काय ते पाहू. संगणकाचे जे अंग हाताला लागते त्याखेरीज त्याच्या आत आज्ञांचा एक कारभारी असतो. बटण दाबले की अक्षर कोठे उमटवावे, नोंद कोठे ठेवावी, वीज संपत आली तर काय करावे, हे सारे तो पाहतो. बहुतेक कंपन्यांचा कारभारी झाकलेला असतो. तो काय करतो हे धन्याला विचारता येत नाही. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी असा कारभार सर्वांना वाचता आणि बदलता यावा म्हणून खटपट सुरू केली, आणि १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्यातला गाभा लिहून तो जगापुढे खुला ठेवला. तोच लिनक्स. त्याचा परवाना मोठा विचारपूर्वक केलेला आहे. घ्या, वाचा, दुरुस्त करा, दुसऱ्याला द्या. पण देताना तुम्हाला मिळालेली मोकळीक पुढच्यालाही द्या. गावकीच्या विहिरीचा नियम याहून निराळा नसतो.

आता कोणी म्हणेल, आमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सच आहे. खरे आहे, गाभा तोच आहे. पण त्या घरात आपण राहतो आणि किल्ली दुसऱ्याकडे असते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडेल.

हातात मावणारा लिनक्स संगणक ही कल्पना परदेशातून आलेली नवलाई आहे, असा आमच्या बैठकीत काहींचा समज दिसला. तो बरोबर नाही. ही कल्पना आपल्या शेजारच्या कर्नाटकात फार लवकर आणि फार गंभीरपणे हाताळली गेली. १९९८ च्या ऑक्टोबरात बंगळूरला भरलेल्या एका परिसंवादातून तिचा उगम झाला. भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय, आणि एन्कोर या कंपनीतले विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी मिळून एक न्यास स्थापला आणि २५ एप्रिल २००१ रोजी आपले यंत्र लोकांपुढे ठेवले. नाव सिंप्युटर. साधा, स्वस्त, बहुभाषी असा लोकांचा संगणक, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून ते बेतले होते. आत लिनक्स, पडद्यावर काडीने टोचून चालवायची सोय, आणि वाचता न येणाऱ्यासाठी भारतीय भाषेत मजकूर बोलून दाखवण्याची योजना. यंत्राचा आराखडासुद्धा त्यांनी परवान्याच्या अटीवर इतरांना खुला केला होता.

पण मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती निराळीच. सिंप्युटरला एक फट होती आणि तिच्यात स्मार्ट कार्ड बसत असे. दहा हजारांचे यंत्र गरिबाला परवडणार नाही हे करणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी विचार केला असा, की यंत्र गावाचे किंवा मंडळाचे असावे आणि कार्ड ज्याचे त्याचे. आपले कार्ड घालावे, आपला हिशेब पाहावा, कार्ड काढून खिशात ठेवावे आणि यंत्र पुढच्याच्या हाती द्यावे. संगणक प्रत्येकाच्या मालकीचा असलाच पाहिजे, हे जे आज गृहीत धरले जाते, ते या मंडळींनी गृहीत धरले नव्हते. युनियनचे काम करणाऱ्याला हे वाचून आनंद व्हावा यात नवल ते काय?

तरी यंत्र चालले नाही. २६ एप्रिल २००४ रोजी भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने 'अमिडा' नावाचे नमुने बाजारात आले, त्यांच्या किमती दहा हजारांच्या आसपास सुरू होऊन वीस हजारांपर्यंत जात होत्या. पन्नास हजार खपतील अशी आशा होती. खपले चार हजारांच्या आसपास. कर्नाटक सरकारने जमिनीच्या नोंदींच्या कामी काही वापरले, आणखी थोडे इकडेतिकडे गेले, आणि विषय मागे पडला. मोबाईल फोन झपाट्याने स्वस्त होत होता, हे एक कारण सगळेच सांगतात. माझ्या मते दुसरेही एक कारण आहे. यंत्र गावाने मिळून घ्यायचे होते, पण मिळून घेणारे गाव कोठे होते? वस्तू सामुदायिक आणि गिऱ्हाईक सुटे, अशी ती गत झाली.

आपल्या महाराष्ट्रातला दाखला म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातले खैरात. तेथील छोट्या शाळेत २००७ साली 'प्रत्येक मुलास एक संगणक' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. ते हिरवे-पांढरे यंत्र खिशात मावणारे नव्हते, पण आत लिनक्स होता आणि पडदा असा केला होता की भर उन्हातही अक्षर वाचता यावे. ही पडद्याची गोष्ट क्षुल्लक नाही, हे आता सांगतो.

भाच्याचे यंत्र घेऊन आम्ही हळदीच्या हंगामात वसमतच्या मोंढ्यात गेलो. सावलीत पडदा झकास दिसत होता. काट्याजवळ उन्हात नेला तर आरशासारखा आमचाच चेहरा दिसू लागला. शेवटी एका हमालाने डोक्यावरचे पोते पडद्यावर धरले तेव्हा आकडे वाचता आले. बटणे एवढी बारीक की हमालाचा अंगठा एकावर ठेवला की तीन दबतात. देवनागरी खिडकीतल्या कार्यक्रमांत चांगली उमटते. लिनक्समध्ये मराठीचे टंक आहेत, कळफलकाची प्रमाण मांडणीही आहे. पण काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची जी मूळ जागा, तेथे आपली जोडाक्षरे मोडतात आणि काना-मात्रा भलतीकडे जाऊन बसतात. पोरे इंग्रजी आज्ञा लिहून वेळ भागवतात. माझ्या वयाच्या तोलाऱ्याने काय करावे?

विजेचा हिशेबही पाहिला पाहिजे. या जातीच्या यंत्रांत १८६५० या नावाचे सेल असतात; १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. दोन सेलांवर चार-पाच तास काम होते, मोंढ्याचा दिवस त्याहून लांब असतो. पण हेच सेल विजेऱ्यांतही असतात, बाजारात मिळतात, आणि दुसरी जोडी खिशात ठेवून बदलता येते. आजच्या फोनचा सेल काढायचा तर दुकानच गाठावे लागते. म्हणजे एकच गोष्ट दोषही ठरते आणि गुणही.

दुसऱ्याच आठवड्यात एक अपघात झाला तो लपवीत नाही. नोंद चालू असताना सेल संपले, यंत्र झटक्यात बंद पडले, आणि पुन्हा सुरू केले तो आतले मेमरी कार्ड वाचलेच जाईना. तीन दिवसांच्या नोंदी गेल्या. दोष यंत्राचा कमी, आमचाच अधिक; दुसरी प्रत ठेवली नव्हती. कागदाचे पक्षपाती त्या दिवशी फार खूश होते. मी त्यांना २०२२ च्या जुलैची आठवण दिली. त्या पावसात कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले आणि युनियनच्या ट्रंकेतल्या वह्यांचा लगदा झाला. एकाच ठिकाणी ठेवलेली नोंद बुडायचीच, मग ती शाईची असो की विजेची.

बाजारात तयार यंत्रेही मिळतात. चीनमधल्या क्लॉकवर्क या कंपनीच्या 'डेव्हटर्म'ला मागे कागदाच्या चिंचोळ्या गुंडाळीवर छापणारा छापखाना जोडलेला असतो. तिचाच पाच इंची पडद्याचा 'यूकन्सोल' २०२२ साली जाहीर झाला तेव्हा त्याची किंमत १३९ डॉलरपासून होती. जकात आणि टपालखर्च निराळा. जागेवर पावती मिळते म्हणून छापखान्याचा मोह आम्हाला फार झाला. पण तो कागद उष्णतेने काळा होणारा असतो. एस.टी.चे तिकीट खिशात घामाने भिजून पंधरा दिवसांत कोरे होते, हे कोण जाणत नाही? हंगामाच्या अखेरीस ज्या पावतीवर भांडायचे, ती पावती अशी असून भागणार नाही.

मग साधा फोनच का नको? माझे प्रामाणिक मत असे की एकट्या माणसाला फोनच बरा. तो सात-आठ हजारांत येतो, फोटो काढतो, मराठी चांगले लिहितो, बिघडला तर गल्लीत दुरुस्त होतो. छंदाचे यंत्र याच्याशी सोयीच्या बाबतीत कधीच बरोबरी करणार नाही, आणि जो भाच्याच्या उत्साहाने तसे सांगेल त्याचे ऐकू नये. पण प्रश्न एकट्याचा नाही. टोळीचा हिशेब फोनवरच्या कोणा कंपनीच्या कार्यक्रमात ठेवला, तर उद्या तो कार्यक्रम बंद झाला किंवा त्याने पैसे मागितले म्हणजे वही पुन्हा दुसऱ्याच्या पेटीत. वर सांगितलेली किल्ली ती हीच.

आणखी एक मुद्दा कोर्टकचेरीचा आहे, आणि तो मी स्वतः खोदून काढला याचा मला थोडा अभिमान आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकावरची नोंद पुराव्यात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते, आणि त्यात त्या नोंदीचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे नोंदीचा अंगठा समजा. सगळ्या मजकुरावरून यंत्र अक्षर-आकड्यांची एक ठरावीक लांबीची ओळ काढते; मजकुरात एक टिंब बदलले तरी ओळ पार बदलते. लिनक्समध्ये ही ओळ काढायला वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. एक आज्ञा टंकली की चौसष्ट खुणांची ओळ पडद्यावर येते. आम्ही असे करून पाहिले की रोज संध्याकाळी ती ओळ मोंढ्यातल्या कागदी वहीत शाईने उतरवायची आणि दोघांनी सही करायची. मग मागाहून आकडा कोणी फिरवला, मुकादमाने, आडत्याने किंवा आमच्याच कार्यकर्त्याने, तर ओळ जुळणार नाही. प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाकडून भरून घ्यावा लागतो, तो खर्च आहेच.

उसाच्या टोळीपुढे यंत्र ठेवले तेव्हाची हकीकत सांगून आटोपतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल आणि हिशेब बहुधा नवऱ्याच्या नावावर. भाच्याने कार्यक्रमही तसाच लिहिला होता, दर कोयत्याला एक नाव. एक बाई पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "ह्याच्यात माझं नाव कुठंय, भाऊ?" भाचा गप्प झाला. वहीचे छापील रकाने असते तर पुढच्या वर्षी बघू म्हणून विषय संपला असता. त्याने तेथेच बांधावर बसून कार्यक्रम उघडला आणि अंधार पडण्यापूर्वी कोयत्याखाली दोन नावे आणि दोघांच्या दिवसांचे वेगळे रकाने करून दाखवले. कोणाची परवानगी लागली नाही.

बैठकीपुढे मी जो मसुदा ठेवणार आहे तो असा. दोन नव्हे, एकच यंत्र घ्यावे, आणि ते टोळीबरोबर जावे. मोंढ्यात कार्बनची वही आहे तशी चालू राहावी. नोंदीच्या रोज दोन प्रती निराळ्या कार्डांवर काढाव्यात, एक कचेरीत आणि एक टोळीतल्या बाईमाणसाकडे राहावी. सेलांच्या तीन जोड्या सोबत असाव्यात. यंत्र चालवायला टोळीतल्या चौघांना शिकवावे, त्यांत दोन बाया असाव्यात, आणि शिकवण्याचे काम भाच्याने दसऱ्यापूर्वी पुरे करावे. दिवाळीनंतर टोळ्या निघतात; त्यानंतर त्याला कोणी सापडायचे नाही.