गोदूताई आणि लग्नगडी

कळवणहून सुरगाण्याकडे निघालं की डोंगरातल्या पाड्यांवर अजून लाल बावटा भेटतो. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये इकडची माणसं मोठ्या संख्येनं होती. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रातोरात चालून काढला. ही शिस्त आली कुठून, हे शोधायला लागलं की वाट घाट उतरून तलासरीला जाते आणि गोदावरी परुळेकरांपाशी, म्हणजे गोदूताईंपाशी, थांबते. गेली कित्येक वर्षं मी त्या वाटेवर आहे.

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म 1907, पुण्याचं गोखले घराणं, वकिलीची पदवी, भारत सेवक समाज, मग शामराव परुळेकरांशी लग्न, कम्युनिस्ट पक्ष आणि किसान सभा. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला 1972 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1996 साली त्या गेल्या. शामरावांना आपण जवळजवळ विसरलो, याची मला खंत वाटते.

आता लग्नगड्याबद्दल, कारण त्याला समजून घेतल्याशिवाय बाईंबद्दल बोलण्यात अर्थ नाही. वारली आदिवासी पोराचं लग्न ठरलं की देज, म्हणजे वधूमूल्य, द्यायचं, गावाला जेवण घालायचं, ताडी पाजायची. पैसा कुठला? तो जमीनदार देई. फेड म्हणून नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं; असा राबणारा तो लग्नगडी. मजुरी नाही, पोटापुरतं धान्य. व्याज आणि हिशेब मालकाच्या वहीत, आणि वाचता येतं फक्त मालकाला. बाप मेला की कर्ज पोराकडे. बाईच्या अब्रूवरही मालकच हक्क सांगे. तलासरीकडच्या एका वृद्ध शेतकऱ्यानं मला आपल्या आज्याची गोष्ट सांगितली. लग्नाच्या दुसऱ्याच सकाळी नवरानवरी मालकाच्या गोठ्यात शेण काढायला उभी होती, अंगावरची हळदसुद्धा उतरली नव्हती.

गुलामीला कायद्याचा आधार उरणार नाही, असं कंपनी सरकारनं 1843 सालीच ठरवलं होतं. अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीला मान देऊन जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ 1873 साली तिथल्या जनतेला अर्पण केली. आणि तरी 1939 साली सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला मुंबई सरकारसाठी लिहिलेल्या अहवालात वेठीचं आणि या गड्यांचं वर्णन करावं लागलं. तेही मुंबईला लागून असलेल्या ठाणे जिल्ह्यातलं!

23 मे 1945 रोजी झरी गावात काही हजार वारली जमले. ठराव अगदी साधे होते: वेठ करायची नाही, रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतात पाय ठेवायचा नाही, मालकानं हात उचलला तर मुकाट मार खायचा नाही. मग जथे गावोगाव फिरले, मालकांच्या दारात उभे राहिले आणि लग्नगड्यांना घेऊन बाहेर पडले. पिढ्यांची ही रीत काही आठवड्यांत मोडली. 10 ऑक्टोबरला तलवाड्यात जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. जमाव जमला होता तो गोदूताईंच्या नावानं उठवलेल्या खोट्या निरोपावर.

वाद इथूनच पेटतो. जमीनदारांनी याला दंगल म्हटलं. पुढे 1946 साली वारल्यांनी केलेल्या संपात काँग्रेस सरकारनंही परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केलं. ‘भोळ्या आदिवासींना चिथावलं’ हा आरोप मी आजही शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकतो. अशा वेळी मला अमेरिकेतला जॉन ब्राऊन आठवतो. 1856 साली कॅन्सासमध्ये त्याच्या टोळीनं पाच जणांना घराबाहेर ओढून तलवारींनी मारलं. 1859 साली हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर त्यानं छापा घातला आणि तो फासावर गेला. त्याला संत म्हणावं की खुनी, यावर तिकडे अजून एकमत नाही. गोदूताईंचं हत्यार संप होतं. दोघांना एका मापानं मोजणं मला सरळ अन्याय वाटतो.

दुसरा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. पुण्याच्या ब्राह्मण बाईनं वारल्यांना जागं केलं, असंच का सांगितलं जातं? 1922 साली ठाण्याच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची चळवळ आदिवासींनी स्वतःच डोंगरादऱ्यांतून दक्षिण गुजरातपर्यंत नेली. दारू सोडा, दारूवाल्या मालकाचं काम सोडा, असं ती सांगत होती. म्हणजे धग आधीचीच. बाईंनी तिला संघटना दिली, मागणी दिली, वकिली दिली. मोठेपण एवढ्यानंही भरपूर आहे. पण जेठ्या गांगडचं नाव आमच्या आश्रमशाळांतल्या किती मुलांना ठाऊक आहे?

वेठबिगारी संपवणारा कायदा 1976 साली झाला. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती हवी. तरी 2022 साली आमच्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात, कातकरी मुलं किरकोळ पैशांवर मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं एका मुलीच्या मृत्यूनंतर उघडकीला आलं. सुरगाण्याची माणसं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला जातात. त्यांची उचल कोण देतं आणि हिशेब कोणाच्या वहीत राहतो, हे त्या समितीनं एकेका पाड्यावर जाऊन विचारायला हवं.