मोहरमच्या सवारीपलीकडचा इस्लाम

नगरकरांची इस्लामशी ओळख बहुधा मोहरममध्ये होते. कत्तलच्या रात्री सवाऱ्या निघतात, हिंदू घरांतले लोकही नवस बोलतात, फेडतात, आणि मग सहज म्हटले जाते, 'हे मुसलमानांचे देव.' इथेच चूक होते. सवारी हे इ.स. 680 मध्ये करबलाच्या रणात मारले गेलेले पैगंबरांचे नातू इमाम हुसेन यांचे स्मरण आहे. मोहरमची ही प्रथा अनेक मुसलमानांनाही मान्य नाही. पूजा फक्त अल्लाहची. तो एक आहे, त्याला रूप नाही, भागीदार नाही, ही इस्लामची मुळाची श्रद्धा. मक्केतला काबासुद्धा देव नव्हे. नमाजात तोंड कुठे करायचे ती दिशा.

पैगंबरांचीही पूजा होत नाही. हजरत मुहंमद हे माणूसच, अल्लाहचा संदेश पोहोचवणारे, असे कुरआन स्पष्टपणे सांगते. म्हणूनच 'कुरआन मुहंमदांनी लिहिला' हे वाक्य श्रद्धावान मुसलमानाला खटकते. त्याच्या श्रद्धेनुसार इ.स. 610 पासून सुमारे 23 वर्षे तो त्यांच्यावर टप्प्याटप्प्याने उतरला. त्यांच्या निधनानंतर तो एकत्र केला गेला आणि तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात त्याची प्रमाण प्रत ठरली. त्यात 114 सूरा म्हणजे अध्याय आहेत. इब्राहीम (अब्राहम), मूसा (मोझेस), ईसा (येशू) हेही त्यात पैगंबर म्हणून येतात. 19 वी सूरा तर ईसांच्या आईच्या, मरियमच्या नावाची आहे.

शियांचा कुरआन वेगळा, असेही ऐकू येते. हा पंथ नगरला परका नाही: इथल्या बुऱ्हाण निजामशहाने सोळाव्या शतकात विद्वान शाह ताहिर यांच्या प्रभावाने तो स्वीकारला. शिया आणि सुन्नी यांच्यात वाद होता तो पैगंबरांनंतर नेतृत्व कोणाचे, याचा. दोन्ही पंथांच्या हातात ग्रंथ एकच.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज असा, की कुरआनचा ईश्वर फक्त मुसलमानांचा. तो दूर करण्यासाठी आयुष्यभर झटलेला विद्वान नगरच्या भुईकोट किल्ल्यात 1942 ते 1945 कैदेत होता, हे आपण नगरकरांनी अभिमानाने सांगायला हवे. मौलाना अबुल कलाम आझाद. नेहरूंनी जिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, तोच हा दगडी कोट. आझादांनी इथे 'गुबार-ए-खातिर' या संग्रहातली पत्रे लिहिली. इथेच असताना, एप्रिल 1943 मध्ये, कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या.

कुरआनचे त्यांचे उर्दू भाषांतर आणि भाष्य, 'तर्जुमानुल कुरआन', त्याआधीचे. पोलिसांच्या झडत्यांत हस्तलिखिते गेली, तेव्हा त्यांनी ते पुन्हा लिहायला घेतले. त्यातला सर्वांत मोठा विचार पहिल्या सूरेवर, फातिहावर आहे. ती अवघ्या 7 आयतींची (वचनांची), पण नमाजाच्या प्रत्येक रकातीत (आवर्तनात) म्हटली जाते. तिच्या सुरुवातीलाच अल्लाहला सगळ्या विश्वांचा पालनकर्ता म्हटले आहे. आझाद विचारतात तो मुद्दा साधा आहे: जो सर्वांना पोसतो, तो एकाच जमातीचा कसा? दया, न्याय आणि मार्गदर्शन हे त्या पालनकर्त्याचेच गुण, असे ते मांडतात. प्रत्येक समाजाकडे संदेश आला, धर्माचे मूळ एकच, विधी-नियम तेवढे काळाप्रमाणे निराळे, हे त्यांच्या मते कुरआनचेच म्हणणे आहे. काही उलेमांना ही मांडणी पटली नाही आणि त्यावर टीकाही झाली. पण आझादांनी ती मागे घेतली नाही. पहिला खंड 1931 मध्ये आणि दुसरा 1936 मध्ये निघाला. 23 व्या सूरेपर्यंतचे काम छापले गेले. पुढचा खंड त्यांच्या हयातीत आला नाही.