विजेचा वस्तरा घरी जोडताना

यंत्र उघडणारे हात पुष्कळ असतात, नीट जोडणारे थोडे. विजेच्या वस्तऱ्याचेही तसेच आहे. काही महिन्यांत तो केसांच्या भुकटीने भरतो, कुरकुरतो आणि केस कापायचे सोडून ओढू लागतो. शहरातला माणूस तो दुकानात देऊन मोकळा होतो. पण सिरोंच्याच्या माणसाने काय करावे? गडचिरोली तिथून सुमारे २०० किलोमीटर. भामरागडला तर पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद! तेव्हा हे काम घरी यायला हवे, आणि ते येण्यासारखे आहे.

आधी आत काय असते ते पाहू. गोल डोक्याच्या वस्तऱ्यात बारीक फटींची एक स्थिर जाळी असते आणि तिच्याखाली फिरणारे पाते. केस फटीतून आत शिरतो आणि जाळीची कड व पाते यांच्यामध्ये कात्रीत सापडावा तसा कापला जातो. फिलिप्स या डच कंपनीतील अलेक्झांडर होरोविट्झ या अभियंत्याने ही फिरत्या पात्याची रचना केली. १९३९ साली ती लोकांपुढे आली तेव्हा डोके एकच होते. आता बहुधा तीन असतात, आणि घोटाळा होतो तो इथेच.

तिन्ही जाळ्या दिसायला सारख्या, तिन्ही पातीही सारखी. मग कोणतेही पाते कोणत्याही जाळीत बसवले तर काय बिघडले? बसते, फिरतेही, पण दाढी नीट होत नाही. घरचे जाते आठवा. वरचा आणि खालचा दगड एकमेकांवर घासून एकमेकांजोगे होतात. पाते आणि जाळीही तशीच परस्परांना घासून जुळतात. जोडी बदलली की ती नव्याने जुळायला काही आठवडे लागतात. तोवर केस ओढले जातात, आणि आपण म्हणतो, यंत्र बिघडले!

म्हणून जोडणीची सुरुवात उघडतानाच होते. प्रथम वस्तरा बंद करा, तार काढा. ताटात पांढरे फडके पसरा. कागदावर तीन वर्तुळे काढून त्यांना १, २, ३ असे आकडे द्या आणि ज्या जागेची जोडी त्याच वर्तुळावर ठेवा. एका वेळी एकच जोडी कोरड्या कुंचल्याने झाडा. धुतली असेल तर पुरती वाळू द्या; आपल्या जंगलपट्टीच्या पावसाळी हवेत याला वेळ लागतो. बसवताना पात्याची धार जाळीकडे हवी आणि जाळीची खाच चौकटीच्या खाचेत. बरोबर बसली तर 'टक्' असा आवाज येतो. नाही आला तर जोर करू नका. कुठेतरी तिरके बसले आहे.

मुख्य कवच मात्र गरजेशिवाय उघडू नये. उघडावेच लागले तर लोखंडी पेचकसाने उचकटण्याऐवजी बांबूची पातळ कामटी वापरा. प्लास्टिकवर ओरखडा उठत नाही. स्क्रू लहान-मोठे असतात, त्यांचीही जागा कागदावर लिहा. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो किंचित खाली बसला की मग सुलटा पिळा. रबरी कडे दुमडले तर आत पाणी जाईल, तिकडे लक्ष असू द्या. बॅटरीला टोचू नका. ती फुगलेली दिसली तर वस्तरा चालवू नका आणि बॅटरी चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. डाग दिलेल्या तारांचे काम कारागिराचेच.

शेवटी गालाला न लावता यंत्र चालवून पाहा. आवाज एकसारखा आला म्हणजे जोडणी साधली. आणि ताटात एखादा स्क्रू उरलाच, तर तो जादा होता असे समजून डबीत टाकू नका. कागद पुढे घ्या आणि पुन्हा उघडा.