नियम, यंत्र आणि समोरचा माणूस : रेल्वे कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण नेमकं कशासाठी?

आजच्या विषयाचं नाव जरा सरकारी वाटेल, म्हणून सुरुवात आपण एका प्रसंगापासून करू.

समजा, संध्याकाळचे सहा वाजलेत. कल्याण स्टेशन. लांब पल्ल्याची गाडी येऊन थांबली आहे आणि गर्दीतून नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा उतरतो. पायात चप्पल नाही, हातात एक पिशवी. टीसी त्याला अडवतात. तिकीट नाही. "कुणाबरोबर आलास रे?" "काका पुढं गेले." पण पुढं कुणीच थांबलेलं दिसत नाही.

आता टीसींनी काय करायचं? एक, नियमावर बोट ठेवायचं : पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट लागतं, ते नाही, म्हणजे दंड. दोन, "जाऊ दे बिचारा" म्हणून सोडून द्यायचं, फार तर एक वडापाव हातात ठेवायचा. तीन, दंडाला धरून पोलिसांकडे न्यायचं. तिन्ही गोष्टी करणारी माणसं आपल्याला भेटतात आणि तिन्ही चुकू शकतात. दंड मागितला की मुलगा घाबरून पळतो. दया दाखवून सोडला की तो स्टेशनबाहेर वाट पाहत असलेल्या कुणाच्याही हाती लागू शकतो. चारचौघांत ओढत नेला की तो पुन्हा कुठल्याच गणवेशावर विश्वास ठेवणार नाही. मग बरोबर काय? त्याकडे आपण शेवटी येऊ. आधी हे पाहू की या प्रश्नाचं उत्तर टीसींना कुणी शिकवलं होतं का.

रेल्वेत प्रशिक्षणाची परंपरा जुनी आणि कडक आहे. सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांच्या या खात्यात कुणालाही थेट कामावर उभं करत नाहीत. आपल्या महाराष्ट्रातच पाहा. पुण्यात स्थापत्य अभियंत्यांसाठी संस्था आहे, नाशिकरोडला विद्युत अभियंत्यांसाठी, आणि भुसावळला मध्य रेल्वेचं विभागीय प्रशिक्षण केंद्र आहे. अधिकाऱ्यांसाठी वेगळी अकादमी आहे. स्टेशन मास्तर असोत की लोको पायलट, ठरावीक वर्षांनी सगळ्यांना वर्गात परतावं लागतं. त्याला 'रिफ्रेशर' म्हणतात.

या सगळ्यात शिकवलं काय जातं? मुख्यतः दोन गोष्टी : यंत्र आणि नियम. त्यात गैर काही नाही. रेल्वेचा एकेक नियम कुठल्या ना कुठल्या अपघातातून आलेला आहे. पण यंत्र बदलत गेलं, तसं माणसाचं कामही बदलत गेलं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली, तेव्हा इतरत्र फायरमन फावड्याने कोळसा ओढत होते. मग डिझेल आलं. आज ब्रॉडगेजचा जवळजवळ सगळा पसारा विजेवर आहे आणि डिझेल शेडमध्ये हात मुरलेल्या फिटरला विजेचं इंजिन शिकावं लागतंय. लिव्हर ओढून सांधे बदलण्याऐवजी संगणकाच्या पडद्यावर क्लिक करून मार्ग लावतात. तिकीट मोबाइलवर निघतं. गार्डना २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात.

आणि आता 'कवच'. लाल सिग्नल असताना लोको पायलटने ब्रेक लावला नाही, तर ही यंत्रणा स्वतः ब्रेक लावते. मग कुणीही विचारेल, की यंत्रच ब्रेक लावणार असेल तर माणसाला शिकवायचं कशाला?

आम्हाला वाटतं, की इथेच आपला हिशेब चुकतो. यंत्र सोपं आणि रोजचं काम काढून घेतं. माणसाच्या वाट्याला उरतं ते अवघड आणि क्वचित येणारं काम. क्वचित येणाऱ्या कामाचा हात बसत नाही. म्हणून यंत्र जितकं हुशार, तितका सराव जास्त लागतो.

याचं एक जड मनाने सांगावं असं उदाहरण आहे. १७ जून २०२४. पश्चिम बंगालमध्ये रंगापानीजवळ कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडीने धडक दिली. मालगाडीचे लोको पायलट आणि एक्सप्रेसचे गार्ड, दोघेही गेले, प्रवासीही गेले. त्या पट्ट्यातले स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बंद होते. अशा वेळी गाड्या कागदी परवान्यावर चालवतात. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे, दिलेला परवाना योग्य नमुन्यातला नव्हता. दुसरी जास्त बोलकी आहे : बिघडलेल्या प्रत्येक सिग्नलपाशी एक मिनिट थांबायचं आणि पुढे ताशी १५ किलोमीटरच्या आत चालायचं, हा दंडक त्या दिवशी त्या पट्ट्यातून गेलेल्या गाड्यांपैकी फक्त कांचनजंगाने पाळला होता. बाकीच्यांनी नाही. एका माणसाची चूक म्हणून हे सोडून देता येत नाही. लोको पायलट आणि स्टेशन मास्तरांना अशा परिस्थितीबद्दल पुरेसं समजावून सांगितलेलं नव्हतं, असं अहवालानेच म्हटलं. म्हणजे नियम पुस्तकात होता, पण हातात नव्हता.

ही झाली यंत्राची बाजू. आता माणसाची.

रेल्वे हे खातं आहे खरं, पण स्टेशन हा समाज आहे. घरातून पळालेलं मूल, व्हीलचेअरवरचा प्रवासी, छेडछाड झालेली मुलगी, भाषा न समजणारा मजूर, फलाटाच्या टोकाला नुसताच उभा असलेला एखादा माणूस, हे सगळे आधी भेटतात ते रेल्वेच्या कर्मचाऱ्याला. आजवर आपण धरून चाललो, की हे 'अनुभवाने येतं'. काहींना येतं, काहींना येत नाही. सिग्नलच्या बाबतीत आपण असं म्हणू का?

माणसाचं वागणं समजून घेतलं तर काय होऊ शकतं, ते वडाळ्याला दिसलं. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर साधारणपणे दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरत आली आहेत, त्यांतली पुष्कळशी रूळ ओलांडताना. २०१० च्या सुमारास वडाळ्याजवळ एक प्रयोग झाला. मोठी वस्तू आपल्याला असते त्यापेक्षा हळू येतेय असं वाटतं, आणि गाडीबद्दल आपण तिथेच फसतो. म्हणून काही स्लीपर पिवळे रंगवले. ते झपाझप गाडीखाली जाताना दिसले की वेगाचा अंदाज येतो. 'रूळ ओलांडू नका' या पाटीऐवजी गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याची छायाचित्रं लावली. आणि मोटरमनना सांगितलं, की एक लांबलचक हॉर्न देण्याऐवजी तुटक दोन द्या, कारण मधल्या शांततेने माणूस दचकतो. त्या जागी मृत्यू ठळकपणे घटले. शिकवण एवढीशी, पण ती माणसाच्या डोळ्या-कानांचा विचार करून आलेली होती.

बोलणं हेसुद्धा एक कौशल्य आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पाऊस थांबण्याची वाट पाहत लोक दाटले आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. वाचलेल्या एका मुलीने सांगितलेलं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं : कुणी तरी 'फूल गिर गया' म्हणालं आणि लोकांनी 'पूल गिर गया' ऐकलं. पूल अरुंद होता, हे मूळ कारण. ते कुठल्याही प्रशिक्षणाने झाकायचं नाही. पण गर्दी कुठे थांबवायची, कुणी, कोणत्या शब्दांत, कोणत्या भाषेत घोषणा करायची, हे आधी घोकून ठेवावं लागतं. ऐन वेळी शब्द सुचत नाहीत.

शिकणाऱ्याकडेही बघायला हवं. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या शेवटी इंजिनात चढल्या आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. २०१७ मध्ये माटुंगा स्टेशन संपूर्ण महिलांच्या हाती गेलं. आपण टाळ्या वाजवल्या. पण बहुतेक इंजिनांत शौचालय नव्हतं, हे किती जणांना ठाऊक होतं? बाईंना इंजिन शिकवून भागत नाही. सोबतच्या पुरुषांना आणि खात्यालाही काही शिकावं लागतं. तसंच मोटरमनचं. गाडीखाली माणूस आल्यावर त्या मोटरमनच्या मनाचं काय होतं, हा अभ्यासक्रमाचा भाग हवा की नको? ज्याचं कुणी ऐकून घेत नाही, त्याने दुसऱ्याचं ऐकावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

मग शिकवायचं कसं? 'प्रवाशांशी सौजन्याने वागा' अशी पाटी लावून नक्कीच नाही. गेल्या काही वर्षांत 'कर्मयोगी' उपक्रमाखाली प्रवाशांशी थेट संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी वर्ग सुरू झालेत, ही चांगली सुरुवात आहे. पण सिग्नल आपण मॉडेल रूममध्ये हाताने शिकवतो, तसे प्रसंगही उभे करून शिकवले पाहिजेत. एकाने अंध प्रवासी व्हायचं, दुसऱ्याने मदत करायची. मग कळतं, की हात ओढायचा नसतो. आधी विचारायचं असतं आणि आपला हात पुढे करायचा असतो. हे एकदा करून भागणार नाही, दर रिफ्रेशरला करायला हवं.

आता त्या मुलाकडे परत येऊ. टीसींनी काय करावं? बाजूला घ्यावं, पण गर्दीच्या नजरेआड नाही. वाकून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बोलावं. "घाबरू नकोस बाळा. नाव काय तुझं? जेवलास का?" घरच्या भानगडी लोकांसमोर विचारू नयेत. त्याला नजरेआड होऊ न देता रेल्वे सुरक्षा दलाला किंवा स्टेशनवरच्या बाल मदत कक्षाला कळवावं. नाही तर १०९८ आहेच. पुढे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे नेलं जातं. हे सगळं कायद्यात आहे. टीसींच्या वाट्याचं काम पंधरा-वीस मिनिटांचं.

अडचण त्या वीस मिनिटांचीच आहे. तेवढ्यात दंडाच्या चार पावत्या फाटल्या असत्या. त्या पावत्यांची नोंद होते. ही वीस मिनिटं कोणत्या रकान्यात लिहायची? प्रशिक्षणाने टीसींना काय करायचं ते कळेल, पण ते करायची मोकळीक वरिष्ठांनी द्यायची असते. ती नसेल तर वर्गात शिकलेलं वर्गातच राहतं.

पुढच्या वेळी स्टेशनवर असा एखादा कर्मचारी गुडघ्यावर बसून मुलाशी बोलताना दिसला, आणि त्यामुळे आपल्या रांगेला पाच मिनिटं उशीर झाला, तर चडफडू नका. तेही त्याचं कामच आहे.