बनवलेल्या भाषेतील ‘दहा’

मनुष्य नवी भाषा बनवील; पण नवा ‘दहा’ बनवील काय? हा प्रश्न आम्हांस व्होलाप्यूक भाषेने घातला. जर्मन धर्मगुरू योहान मार्टिन श्लायर यांनी ती १८७९ साली साऱ्या जगासाठी रचली. तीत ‘बाल’ म्हणजे एक, ‘तेल’ म्हणजे दोन. त्यांना अनेकवचनाचा ‘स’ जोडला की ‘बाल्स’ दहा आणि ‘तेल्स’ वीस! युक्ती चतुर खरी. आपणही लिहिताना एकावर शून्य देऊनच दहा करतो. परंतु शून्य डोळ्यांना दिसते, ‘स’ मात्र कानातून सहज निसटतो. बाजारात एका ‘स’पायी दहाचे एक व्हायचे!

१९३१ साली हॉलंडचे आरी द योंग यांनी ही भाषा सुधारली, तेव्हा दहासाठी ‘देग’ आला आणि वीसाचे ‘तेलदेग’ झाले. ‘देग’ उच्चारताच लॅटिन ‘देकेम’ व ग्रीक ‘डेका’ आठवतात. संस्कृत ‘दश’ त्यांच्याच कुळातला आणि आपला ‘दहा’ त्या ‘दश’चा वंशज. झामेनहॉफ यांनी तर १८८७ मध्येच एस्परांतोत ‘देक’ घेतला होता.

भाषा एकट्याच्या बुद्धीतून निघेल. मोजणी मात्र दोघांत चालते. सांगणाऱ्याचा दहा ऐकणाऱ्यालाही दहाच वाटला पाहिजे.